मावशीच्या डिस्को गाण्यापायी ओझरला

चाकण येण्याआधीच मावशीने माझ्या गाडीतली गाणी बंद करायला लावली आणि स्वतः सुरू झाली. लग्नाआधी ती नाशिकच्या एका ऑर्केस्ट्रात हिंदी डिस्को गाणी म्हणायची. त्यातलं एक खास तिच्यासाठी बांधलेलं, असं ती आजवर सांगत आली. चाल आणि शब्द मधुकररावांचे. ते दिवसा ओझरच्या कारखान्यात नोकरी करत, संध्याकाळी त्याच ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवत. आता ते अंथरुणाला खिळल्याचं कळलं, म्हणून पुण्याहून आम्ही भेटायला निघालो होतो. संगमनेरपर्यंत ते गाणं मलाही पाठ झालं. आवडलं मात्र नाही.

नाशिकला गंगापूर रोडवर एका मळ्यात मिसळ खायला थांबलो. काळा रस्सा, सोबत नागलीचा (नाचणीचा) पापड. स्पीकरवर जुनी इंग्रजी गाणी चालली होती. अचानक तीच चाल लागली. कुणी परदेशी बाई गात होती.

मावशीने वेटरला बोलावून सांगितलं की या लोकांनी आमचं गाणं चोरलंय. त्याने मोबाइलवर गाण्याचं साल दाखवलं. ते मावशीच्या ऑर्केस्ट्राच्याही आधीचं होतं. मावशीच्या मते मोबाइल चुकीचा होता. त्यानंतर द्वारका चौकात तिच्या सांगण्यावरून मी उड्डाणपुलाऐवजी खालच्या रस्त्याला लागलो आणि कोंडीत अडकून बसलो. चूक माझीच ठरली.

ओझरला मधुकरराव उशांना टेकून बसले होते. त्यांच्या पत्नीने चहा ठेवला. मावशीने तब्येतीची चौकशीही केली नाही.

"ती चाल कोणाची होती?"

मधुकरराव म्हणाले, "बाहेरची होती, शालूताई. तेव्हा सगळेच घ्यायचे. शब्द तेवढे माझे."

मावशी चहा तसाच ठेवून गाडीत जाऊन बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी माफी मागू लागलो, तर मधुकररावांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, "अंतऱ्यात ती सूर एकदम वर न्यायची. मूळ गाण्यात ते नाही, मीही बसवलं नव्हतं. ते तिचं होतं, एवढं तिला सांगा."

निघाल्यावर रागाने मी तो निरोप लगेच दिला नाही. नाशिकच्या वाटेवर दहावा मैल नावाचा चौक आला, तेव्हा सांगून टाकलं.

"गाडी वळव," मावशी म्हणाली.

वळायला जागा मिळेपर्यंत आणखी दोन सिग्नल गेले. मधुकररावांच्या दारात उभी राहूनच ती गायली. आवाज फाटत होता, तरी अंतऱ्यात तिने सूर वर नेलाच. मधुकररावांनी डोळे मिटून घेतले.

"आता तब्येत कशी आहे ते सांगा," मावशी म्हणाली आणि त्यांच्याजवळ खुर्ची ओढून बसली.

दुसऱ्या दिवशी परतताना सिन्नरपासून पुन्हा तेच गाणं. घरी आल्यावर मी मूळ गाणं शोधून ऐकलं. नीटनेटकं आहे. पण अंतऱ्यात ती बाई खालीच राहते, आणि मला ते अपुरं वाटतं. दोन दिवस माझं डोकं उठवून मावशीने माझा कानही बिघडवला आहे.