एक्क्याण्णव दातांचं गिअर

मिक्सरचं मोठं गिअर टेबलावर ठेवलं होतं आणि कुलकर्णी साहेब त्याच्याकडे न बघताच बोलत होते.

"लखीभाईंना आजच बंद करा. दुसऱ्यांदा दात उडाले. हार्डनिंग कच्चं आहे, दुसरं काय?"

आनंदनगर एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात मी मेंटेनन्स बघायचो. हार्डनिंग म्हणजे गिअर भट्टीत तापवून तेलात बुडवायचं, म्हणजे दात कडक होतात. आमचं ते काम उल्हासनगरचे लखीभाई करायचे. कुलकर्णी साहेब फॅक्टरी मॅनेजर. त्यांनी एखाद्याला काढलं की आजूबाजूचे कारखानेही त्याला काम द्यायला कचरायचे. लखीभाई तिथेच उभे होते, चेहरा पार उतरलेला.

"साहब, माल नरम होता तो सारे दात जाते. बाकी के देखो, एकदम कडक हैं."

"तुमच्या मालाचा रिपोर्ट तुम्हीच देणार," साहेब म्हणाले.

मला फार वाईट वाटलं. माणूस बऱ्याच वर्षांच्या ओळखीचा, कामाला चोख. पण साहेबांपुढे नुसत्या ओळखीची डाळ शिजत नसे.

तेवढ्यात म्हात्रे मॅडम आल्या. या आमच्या डिझाइन इंजिनिअर, खरवईच्या, नुकत्याच रुजू झालेल्या. बाईंना एक खोड होती. चहाला गेटबाहेर उभ्या राहिल्या की समोरच्या टेम्पोच्या नंबरला तीनने, सातने, अकराने भाग जातो का, ते मनातल्या मनात बघायच्या. आम्ही त्यांची थट्टा करायचो.

त्यांनी खडू घेतला आणि फुटक्या दातांवर खुणा करत गिअर हळूहळू फिरवलं. सहा चांगले, एक फुटका. पुन्हा सहा चांगले, एक फुटका. पूर्ण फेरा असाच.

"सर, भट्टी असं वेचून वेचून प्रत्येक सातवा दात कच्चा ठेवते का?"

साहेब पहिल्यांदा नीट वाकून बघायला लागले.

"किती दात आहेत याला?" मॅडमनी विचारलं.

"एक्क्याण्णव," मी म्हणालो. "छोट्याला अठ्ठावीस. मोठ्याला आधी नव्वद होते."

इथे थोडं समजावून सांगतो. एकमेकांत फिरणाऱ्या दोन गिअरच्या दातांना एकाच संख्येने भाग जाऊ नये, असा आमच्या धंद्यातला जुना नियम आहे. भाग गेला तर ठरावीक दात ठरावीक दातांनाच भेटत राहतात. नाही गेला तर प्रत्येकाची गाठ प्रत्येकाशी पडते आणि झीज सगळीकडे सारखी होते. नव्वद आणि अठ्ठावीस दोन्ही सम. म्हणून नवीन गिअर करताना साहेबांनी स्वतः एक दात वाढवला होता. नियम पाळायलाच.

"मी सगळं तपासलंय," साहेब म्हणाले. "एक्क्याण्णव सम नाही. अंकांची बेरीज दहा, म्हणजे तीनने जात नाही. शेवटी शून्य नाही की पाच नाही. आता कशाने जाणार?"

"सातने बघितलंत?"

"सातला कुठे नियम असतो?"

"असतो ना सर. शेवटचा अंक दुप्पट करायचा आणि उरलेल्या आकड्यातून वजा करायचा. एकाची दुप्पट दोन. नवातून दोन गेले, सात. उत्तराला सातने भाग गेला की मूळ आकड्यालाही जातो. आणि अठ्ठावीस तर सातच्या पाढ्यातलेच."

साहेब ओठांतल्या ओठांत पुटपुटले, "तेरा साते एक्क्याण्णव." पाढा पाठ होता, वेळेवर आठवला नव्हता, एवढंच.

मी धावत जाऊन छोटं गिअर आणलं. त्याच्या एका दातावर खोच होती, कडेचं लोखंड वर आलेलं, बहुतेक बसवताना हातोडा लागलेला. तो एकच दात मोठ्या गिअरच्या त्याच तेरा दातांवर पुन्हा पुन्हा आपटत होता.

"छोटं सत्तावीसचं करा, मोठं ब्याण्णवचं," मॅडम म्हणाल्या. "बेरीज तीच राहते, म्हणजे दोघांमधलं अंतर बदलायला नको. सत्तावीसमध्ये तीनशिवाय काही नाही, आणि नऊ नि दोन अकरा, तीनने जात नाही. मिक्सर किंचित हळू फिरेल. चालेल ना?"

कागद नाही, कॅल्क्युलेटर नाही, आणि आवाजात कुणाला हरवल्याचा सूरही नाही. मी उभा जन्म गिअरच्या ग्रीसमध्ये काढला, पण इतकं स्वच्छ डोकं क्वचितच पाहिलं. त्यानंतर मी टेम्पोवरून थट्टा केली नाही.

"लखीभाई, नवीन जोडी कडक करून कधी देता?" साहेबांनी विचारलं.

लखीभाई जागचे हलले नाहीत. "साहब, पहले ये बोलो, मैं चालू हूं या बंद?"

साहेबांनी चष्मा काढला. "चालू. चूक माझी होती."

ती जोडी आजही फिरते आहे. दात झिजतात, पण सगळे सारखे. आणि मी एक शिकलो. नियम माहीत नसलेला माणूस चुकला तर लवकर सापडतो. नियम माहीत असलेला चुकला की वेळ लागतो, कारण तपास त्याच्याच हातात असतो.