हमाल इलेव्हनचे हिलालनाना

फुटबॉलचा सामना संपल्याची शिट्टी वाजली की हिलालनाना धोतराचा सोगा सावरत मैदानात शिरायचे आणि थेट पंचांपाशी जाऊन त्यांचं घड्याळ बघायचे. भांडायला नाही. हात जोडून, अदबीनं, "साहेब, जरा देखू द्या" म्हणून. बघून झालं की मान डोलवत परत यायचे आणि आम्हा सगळ्यांना निकाल सांगायचे, "आपन हारनूत नही. टाइम सरी गया." आमचा संघ चार गोलांनी हरलेला असला तरी निकालाचं वाक्य हेच, हरलो नाही, वेळ संपली. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. पुढं पुढं मी चिडायला लागलो. माझ्यासारख्या शाळेत खेळ शिकवणाऱ्या माणसाला हरणं कबूल करायचं असतं, मुलांना तसं शिकवायचं असतं. नानांना ते मान्य नव्हतं.

नाना गाव सोडून गेले त्याला आता सात-आठ महिने होतील. आमचा संघ यंदा पुन्हा बाद फेरीत आलाय आणि केळीच्या पॅकिंगच्या आवाराबाहेर, लिंबाखालच्या चहाच्या गाडीवर पुन्हा तोच वाद सुरू झालाय, की हे कुठवर जाणार. तो वाद ऐकताना नानांची आठवण येते, आणि ती येते तेव्हा मला स्वतःची लाज वाटते. म्हणून लिहितोय.

नाना मूळचे अमळनेरकडचे. तिथल्या तेलाच्या गिरणीत होते, ती बंद पडल्यावर रावेरला केळीच्या गाड्या भरायला आले आणि इथलेच झाले. खांदे उतरले तसे टोळीचे मुकादम झाले. चाळीस वर्षांत त्यांनी इथली बोली काही उचलली नाही. इथले लोक 'हाये' म्हणत, नाना 'शे' म्हणत. मी धुळ्याचा, त्यामुळे ते 'शे' ऐकलं की मला घरी गेल्यासारखं वाटायचं. पण मी शहरात वाढलेला, शिकलेला, त्यांच्याशी कायम पुस्तकी मराठीत बोललो. ते मला "सर" म्हणत आणि माझं बोलणं नीट ऐकून घेत. ऐकून घेणं म्हणजे मानणं नव्हे, हे मला उशिरा कळलं.

त्यांच्या टोळीतल्या पोरांनीच संघ काढला होता. नोंदणीच्या अर्जावर नाव लिहायची वेळ आली तेव्हा कुणी वाघ सुचवला, कुणी सिंह. नाना म्हणाले, "हमाल शेतस ना? मंग हमाल लिखा." म्हणून हमाल इलेव्हन. मी कागदोपत्री व्यवस्थापक, कारण जिल्ह्याच्या बैठकांना जायला पँटशर्टवाला माणूस लागतो. ही पोरं दिवसभर घड उचलून संध्याकाळी खेळायची. दमायची नाहीत. धक्क्याला धक्का द्यायची. एकच गोष्ट नशिबानं आमच्या वाट्याला आली होती ती म्हणजे दिलीप.

दिलीप आमचा गोलकीपर. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातला, पंचविशीचा, एका मुलीचा बाप, बोलायला कमी. बारा वर्षं त्याचं काम एकच. ट्रकमध्ये उभं राहायचं, खालून येणारा घड दोन्ही हातांत झेलायचा आणि केळीच्या पानांवर अलगद ठेवायचा. आपटला की डाग पडतो आणि व्यापारी बोंबलतो. घड ठेवला की वळायचं, कारण पुढचा आलेला असतो. दिलीपच्या हातून घड निसटलेला कुणी पाहिला नव्हता आणि चेंडूही निसटत नसे.

साखळीतल्या शेवटच्या सामन्यात भुसावळच्या संघाशी आमची बरोबरी चालली होती. उंच चेंडू आला. दिलीपनं तो झकास झेलला. आणि झेलून, खाली वाकून, त्यानं तो जमिनीवर अलगद ठेवला, बाळाला ठेवावं तसा. ठेवून तो पुढचा घ्यायला वळला. समोरच्यांच्या खेळाडूला क्षणभर काही कळेना. मग त्यानं येऊन चेंडू जाळ्यात ढकलला. अख्खं मैदान हसलं. आम्ही सामना हरलो, पण गुणांवर बाद फेरीत गेलो. नानांनी घड्याळ बघितलं आणि नेहमीचं वाक्य म्हटलं, तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी लिंबाखाली वादाला तोंड फुटलं. ट्रॅक्टरवाला बबन आमचा सगळ्यात जुना चाहता आणि सगळ्यात तोंडाळ. तो म्हणाला, "काबरं नाना, याच्या भरोश्यावर बाद फेरीत कुठी जासान? चेंडू काय केयीचा घड हाये का?"

"त्याना हात शिकेल शेतस," नाना म्हणाले. "बारा वरीस जे शिकनात ते एक दिनमा कसं भुलतीन?"

"मग बाद फेरीत बी ठेवीन तो चेंडू खाली."

"नही ठेवाव. मी शे ना."

मी माझं मत मांडलं. जळगावच्या कॉलेजात माझा एक जुना विद्यार्थी चांगला गोलकीपर होता, त्याची नोंदणी करायला मुदत होती. बाद फेरीत दुसरी संधी नसते, एक चूक आणि घरी. बबनला पटलं, बाकीच्यांनाही पटलं. दिलीप चहाचा ग्लास हातात धरून खाली बघत ऐकत होता. नानांनी मला विचारलं, "सर, तो कॉलेजवाला कधी आपली गाडी भराले उना का?" मी म्हटलं, गाडी भरायला कशाला येईल तो, त्याचा इथं काय संबंध? "तेच इचारी राह्यनू," नाना म्हणाले आणि उठून कामाला गेले.

त्या दिवसापासून त्यांनी एक वेडेपणा सुरू केला. दिलीपनं ट्रकमध्ये घड झेलला की लगेच ठेवायचा नाही. छातीशी धरायचा, डावीकडं बघायचं, उजवीकडं बघायचं आणि मगच ठेवायचा. नाना खाली उभे राहून ओरडायचे, "धर. देख, आजूबाजूले कोन शे. मंग ठेव." घडामागून घड, आठवडाभर. गाड्या भरायला उशीर होऊ लागला, ड्रायव्हर हॉर्न वाजवू लागले, व्यापाऱ्यानं नानांना चार माणसांत झापलं. नाना म्हणाले, "शेठ, बाद फेरी सरू द्या, मंग पुरा वरीस तुम्हनाच."

मी एका संध्याकाळी ते बघायला गेलो. दिलीप घड छातीशी धरून शांतपणे मान फिरवत होता आणि मी मनात आकडे मोजत होतो. नऊ. दहा. पुढच्या घडाला पुन्हा दहा. मी नुकताच पंचांच्या शिबिराला जाऊन आलो होतो. गोलकीपरनं चेंडू आठ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर समोरच्यांना कॉर्नर द्यायचा, असा नवा नियम आला होता. तो मला माहीत होता, त्या आवारात दुसऱ्या कुणाला माहीत असणं शक्य नव्हतं. मी काही बोललो नाही. दिलीप खेळणारच नाही तर सांगायचं कशाला, असं मी स्वतःला समजावलं.

उपांत्य सामना जळगावला होता. मैदानावर मी नावं लिहायला बसलो. कॉलेजचा मुलगा हातमोजे घालून तयार होता. नाना माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"कागद तुम्ही लिखा सर, मी अडानी मानूस. पन दिलीप बाहेर बसना तं मी बठ्ठासले टेम्पोमा बसाडी परत लई जासू."

सगळ्यांना परत नेणार म्हणे. मी मागं पाहिलं. दहाच्या दहा पोरं बुटांच्या नाड्या न बांधता उभी होती. माझा पारा चढला. मी म्हटलं, "हरलो तर कुणाच्या नावावर, नाना?"

"मना नाववर लिखी ल्या."

मी दिलीपचं नाव लिहिलं. अजूनही त्याला बाजूला घेऊन एक वाक्य सांगता आलं असतं, आठ सेकंदांच्या आत चेंडू सोड. मी सांगितलं नाही. मनात म्हटलं, घ्या तुमच्या नावावर.

पोरं जीव तोडून खेळली. शून्य-शून्य. दिलीपनं तीन चेंडू असे अडवले की जळगावकरांनी टाळ्या वाजवल्या आणि बबन माझ्या पाठीत गुद्दे घालत राहिला. शेवटची पाच मिनिटं उरली असताना उंच चेंडू आला. दिलीपनं झेलला आणि छातीशी धरला. गोलमागं उभे असलेले नाना ओरडले, "देख, देख." दिलीपनं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. पंच हात वर करून बोटांनी सेकंद मोजून दाखवत होता, ते ना दिलीपला कळलं ना नानांना. शिट्टी वाजली. कॉर्नर. त्या कॉर्नरवर गोल झाला. थोड्या वेळानं सामना संपला आणि नाना पंचांकडं गेले नाहीत.

टेम्पोत बबननं तोंड उघडलं तसे नाना उठून उभे राहिले, टपाला धरून. "त्याले मी शिकाडं व्हतं. जे बोलनं व्हई ते माले बोला." बबननं तोंड मिटलं. खरं काय ते मला माहीत होतं. सावदा येईपर्यंत मी बाहेर केळीच्या बागा बघत बसलो.

आठवड्यानं दिलीप शाळेत आला आणि हातमोजे माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, "सर, माह्यं नाव काढून टाका." नाना दोनदा त्याच्या घरी जाऊन आले, पण तो सरावाला येईना. त्यातच नानांचा खांदा पुरता गेला आणि धुळ्याला दिलेल्या मुलीनं त्यांना कायमचं बोलावून घेतलं.

मी त्यांना मोटरसायकलवरून एसटी स्टँडवर नेलं. बस लागली होती, सुटायला वेळ होता. पिशवी मांडीवर घेऊन ते बाकावर बसले आणि म्हणाले, "बठ्ठं व्हयनं, एक दिलीपनं ऱ्हाई गयं." तेव्हा माझ्याच्यानं राहवलं नाही. मी सांगितलं. दहा आकडे मोजले होते, नियम माहीत होता, रागापोटी गप्प बसलो. सगळं.

नानांनी मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली. इतक्या वर्षांत ते माझ्यावर रागावलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

"मना काय, मी म्हातारा मानूस," ते म्हणाले. "पन त्या पोऱ्यानं काय चुकनं? माले काय सांगतस? जा. त्याले सांगा. बठ्ठासना समोर सांगा."

"बस सुटेल नाना. तुम्हाला बसवून देतो आणि—"

"बसमा बसाले माले पाय शेतस. आते जा."

मी गेलो. आवारात गाडी भरणं चालू होतं, दिलीप वर ट्रकमध्ये. मी खाली उभा राहून, सगळ्या टोळीसमोर, बबनसमोर, मोठ्यानं सांगितलं. मुलांना कवायत सांगतो तसं सांगितलं, म्हणजे एकही शब्द गिळता येणार नाही. काम थांबलं. बबननं मला एक शिवी दिली, ती मी घेतली. दिलीपच्या हातात घड होता. तो त्यानं खाली ठेवला आणि विचारलं, "सर, उद्या सराव किती वाजता हाये?"

स्टँडवर परत आलो तर धुळ्याची बस गेली होती. मी फोन लावला. पलीकडं एसटीच्या पत्र्याचा खडखडाट. मी ओरडून सांगितलं, "नाना, दिलीप येतोय. उद्यापासून."

"बरं व्हयनं. बाद फेरी कधी शे?"

"नाना, ती पुढच्या वर्षी. आधी साखळी सामने आहेत, त्यात जिंकावं लागेल."

"ते व्हईच जाई," नाना म्हणाले. "तुम्ही बाद फेरीनी तारीख सांगा."