पोर्चखाली न थांबणारे काका

काका कोणाच्याही घरी गेले की आधी छताकडे बघत, मग बसत. "भेगा वाढल्यात का गं?" असं हळूच विचारत. अशी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. आपण हसतो, विषय बदलतो. मीही बदलायचे.

दिल्लीत, मुनिरक्यात ते माझ्या खालच्या मजल्यावर राहत. निवृत्त ड्राफ्ट्समन. मी जुन्या इमारतींची मोजमापं घेणाऱ्या ऑफिसात. दक्षिण दिल्लीतल्या एका बंगल्याचं काम माझ्याकडे आलंय म्हटल्यावर त्यांनी हातातला कप खाली ठेवला आणि पत्ता दोनदा विचारला.

साठ वर्षांपूर्वी त्या बंगल्याचा थाट वेगळाच होता. काचेच्या भिंती, निळा तलाव, नट्या आणि राजदूतांच्या पार्ट्या. आणि पोर्च. एकही खांब नसलेला, बारा फूट पुढे आलेला स्लॅब. आता मालकाच्या नातीचं लग्न तिथेच होणार होतं. वऱ्हाड पोर्चखाली, सनईवाले वरच्या स्लॅबवर.

"त्या पोर्चचा नकाशा मी काढलाय," काका म्हणाले. "सळयांमध्ये चार इंच हवे होते. मी सहा लिहिले; म्हणजे सळया कमी, स्लॅब कच्चा. स्लॅब भरल्यावर लक्षात आलं, आणि नोकरी जाईल म्हणून गप्प बसलो."

तेव्हापासून दर रविवारी बसने जाऊन ते समोरच्या फुटपाथवरून पोर्च बघून यायचे. भूकंपाचा धक्का बसला की त्याच दिवशी जायचे. काकूंना वाटे, फिरायला जातात.

मी ऑफिसात सांगितलं. काँक्रीटमधल्या सळया दाखवणारं मशीन मागवलं. काका फाटकाबाहेरच थांबले, आत येईनात. मी तीनदा मोजलं. प्रत्येक वेळी अंतर चार इंचच. साइटवर कोणीतरी चूक ओळखली होती आणि न बोलता सुधारली होती.

बाहेर येऊन सांगितलं, तर काका कठड्यावर बसले. मग त्यांनी त्या माणसाचं नाव विचारलं. कागदांवर फक्त मालक आणि आर्किटेक्टची नावं होती.

"सळया बांधणारे चौघं होते," ते म्हणाले. "मी एकाशीही कधी बोललो नव्हतो."

या थंडीत काका गेले. मला ती लग्नाची दुपार आठवते. मला आमंत्रण होतं; काका इस्त्रीचा बंदगळ्याचा कोट घालून सोबत आले, नवरीला आशीर्वाद दिला आणि मागच्या हिरवळीवर मांडववाल्यांच्या घोळक्यात जाऊन बसले. मी जेवायला बोलवायला गेले, तर हातानेच थांब म्हणाले. समोरचा मांडव बांधणारा म्हातारा कारागीर त्यांना आपलं नाव सांगत होता. काकांना नीट ऐकू आलं नव्हतं. त्यांनी कान पुढे केला आणि म्हणाले, "भैया, एक बार फिर से बताइए."