सौनात न हलणारी काडी

आता माझ्याकडे विजेचा सौना, म्हणजे वाफेनं घाम काढायची खोली, आहे. बटण दाबलं की तापतो. गप्पा मात्र तापत नाहीत. म्हणून शनिवार आला की मला पलीकडच्या नेस्तोरीचा लाकडावरचा सौना आठवतो, आणि त्याच्या बाकावर उघडाबंब, ओशाळा बसलेला ओस्मो ह्यवारिनेन आठवतो.

ओस्मो आमच्या शेजारी राहायला आला, तेव्हा साऱ्या गल्लीला कोडं पडलं होतं की हा गडी करतो काय? आमच्या सवोनलिना गावात बोलकं असं कोणी नाहीच, मी सोडून. पण ओस्मोपुढे तळ्याकाठचे दगडसुद्धा बडबडे वाटायचे. तो गावाबाहेरच्या प्रयोगशाळेत भट्टीवर होता. निकेल, मँगनीज आणि गॅलियम एकत्र वितळवायचे, हळूहळू निववून त्याचा स्फटिक ओढायचा आणि त्याच्या काड्या कापायच्या. त्यातली एक त्यानं माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली आणि लोहचुंबक जवळ आणलं. काडी लांब झाली! चुंबक फिरवलं तर आखूड! माझी कॉफी सांडली.

"जिवंत आहे की काय मेली?"

"नाही," ओस्मो म्हणाला. त्याच्या मानानं हे भाषणच झालं.

नेस्तोरीची मुलगी सिर्का बेकरीत होती. ओस्मोच्या एकट्या जिवाला रोज एवढा पाव कशाला लागतो, हे माझ्या लगेच लक्षात आलं. अडचण होती ती म्हाताऱ्याची. नेस्तोरीनं उभा जन्म तळ्यातून ओंडके वाहून नेण्यात घालवलेला. घाम निघत नाही ते काम, हे त्याला मान्य नव्हतं. शिवाय महत्त्वाचं बोलणं फक्त सौनात. कॉफीवर दिलेल्या शब्दाला तो शब्दच धरत नसे.

तेव्हा एका शनिवारी ओस्मो आपलं काम दाखवून सिर्काला मागणी घालायला काडी आणि चुंबक घेऊन सौनात आला. मी होतोच, मी कुठे नसतो? नेस्तोरीनं तापल्या दगडांवर पाणी फेकलं. ओस्मोनं चुंबक धरलं. काडी ढिम्म.

"हे दाखवायला कपडे काढलेस?" नेस्तोरी म्हणाला.

"काका, फार तापली की तिच्या आतली कणांची घडी मोडते. मग ती चुंबकाला जुमानत नाही. बाहेर अंगणात चला, हलेल."

"बाहेर तर मीसुद्धा हलतो, थंडीनं! इथे हलवून दाखव. मग सिर्काचं बोलू."

दुसरा कोणी असता तर म्हाताऱ्याच्या नावानं बोटं मोडून सिर्काला घेऊन पळाला असता. ओस्मो भट्टीकडे गेला. मिश्रणात चिमूटभर तांबं घातलं, तर गरमीत घडी टिकली, पण चुंबकाची ओढ मंदावली. कोबाल्ट घातलं, तर ओढ टिकली आणि घडी लवकर मोडू लागली. एकाला घरात घ्यावं तर ते दुसऱ्याला बाहेर ढकलतं. तांबं जास्त पडलं, तेव्हा काडीचा चिमटीतच भुगा झाला.

"माशाच्या सुपात शेपू जास्त झाला की मासा हरवतो," नेस्तोरी समजावायचा. "हात आवर, लोहारा!"

कोबाल्ट हा शब्द ज्यानं जन्मात ऐकला नव्हता, तो आता दर शनिवारी दार उघडताच विचारायचा, "आज काय घातलंस?" न सांगता तिघांपुरते सॉसेज भाजायला ठेवायचा. शुक्रवारीच लाकडं फोडून ठेवायचा. हिवाळा सरला, उन्हाळाही गेला. सिर्का कुंपणावरून माझ्यावर ओरडायची, "लग्न माझं आहे की त्या काडीचं?" जणू काडी मीच ओतत होतो.

मग पानं गळायच्या दिवसांत एकदा ओस्मो दोन्ही धातू नीट जुळवून घातलेली काडी घेऊन आला. नेस्तोरीनं वाफेचा लोट उठवला. ओस्मोनं चुंबक धरलं आणि काडी लांबली. नखाच्या कडेएवढी, पण लांबली!

"हलली!" मी बाकावरून पडता पडता वाचलो.

नेस्तोरीनं काडीकडे पाहिलं, मग तापल्या दगडांकडे. "नाही हलली."

"अहो, मी पाहिली!"

"तुझ्या डोळ्यांत घाम गेलाय. पुढच्या शनिवारी बघू."

ओस्मोनं जन्मात कोणाला उलट उत्तर दिलं नव्हतं. त्यानं चुंबक फिरवलं. काडी आखूड. पुन्हा फिरवलं. लांब. "हलली, काका."

म्हाताऱ्यानं दगडांवर आणखी एक पळा पाणी फेकलं. मग वाफेतून आवाज आला, "हलली म्हणजे तुझं इथलं काम संपलं. पोरगी नेशील. शनिवारी कशाला येशील मग?"

मी भाजायला ठेवलेले सॉसेज उलटायचे विसरलो. माझ्या बायकोला हे अजून खरं वाटत नाही.

ओस्मोनं काडी आणि चुंबक बाजूला ठेवलं. "काका," तो म्हणाला, "माझ्या घरी नुसतं न्हाणीघर आहे. शनिवारी मी जाणार कुठे?"

आमच्याकडे सौनात पाण्याचा पळा घरच्या माणसाच्या हातात असतो, पाहुण्यानं त्याला हात लावायचा नसतो. नेस्तोरीनं तो पळा ओस्मोच्या मांडीवर ठेवला.

"टाक पाणी," तो म्हणाला. "आणि हात आखडू नकोस."

ओस्मोनं आखडला नाही. वाफ सोसेना, तेव्हा मी धावत जाऊन गार तळ्यात उडी मारली. ते दोघं मात्र बराच वेळ वर बाकावरच बसून होते.