पाहुण्यांच्या हस्ते

देवासच्या डेअरीत यंत्रांची देखभाल अरविंद फणसळकर यांच्याकडे होती. नोकरीसाठी साताऱ्याहून आलेला हा गृहस्थ पाना जागेवर ठेवल्याशिवाय जेवायला बसत नसे. २००७ साली मालक भैयासाहेबांनी नालछ्याच्या चिलिंग सेंटरवर, गोळा केलेले दूध थंड ठेवण्याच्या टाकीपाशी, एक नवे यंत्र बसवले. त्यात सिमकार्ड होते. टाकीतले दूध तापू लागले की ते अरविंदरावांच्या मोबाइलवर मेसेज पाठवी. आणि परवलीचा आकडा घालून उलट मेसेज केला की तिथला कॉम्प्रेसर देवासमध्ये बसून चालू वा बंद करता येई आणि तसा जवाबही मोबाइलवर येई. यंत्रासाठी आग्रह अरविंदरावांनीच धरला होता.

परवलीचा आकडा मात्र कंपनीतून आला तोच राहिला होता: १२३४.

"हा आजच बदलू या," अरविंदराव म्हणाले.

"बदलू की. आधी पूजा तर होऊ द्या!"

भैयासाहेबांचे घराणे धारच्या दरबारातले. पाहुण्याच्या हस्ते काहीतरी घडवून आणल्याशिवाय पाहुणचार पुरा झाला, असे त्यांना वाटतच नसे. पूजेला आलेल्या प्रत्येकाला त्यांनी ज्याच्या-त्याच्या मोबाइलवरून मेसेज करायला लावला. कॉम्प्रेसर थांबला की टाळ्या, सुरू झाला की पेढे. पुढे तो रिवाजच पडला. मांडूला निघालेला प्रत्येक पाहुणा वाटेत नालछ्याला थांबे आणि हा मान घेऊनच पुढे जाई.

"भैयासाहेब, आपला आकडा आता अर्ध्या माळव्याच्या मोबाइलमध्ये आहे," अरविंदराव कळवळून म्हणाले.

"घरचीच माणसं आहेत, अरविंदराव. चोर थोडेच आहेत?"

वैशाखातल्या एका दुपारी टाकी सकाळच्या दुधाने काठोकाठ भरली होती. टँकर यायचा होता संध्याकाळी. मेसेज आला: तापमान वाढते आहे. अरविंदरावांनी कॉम्प्रेसर चालू केला. थोड्या वेळाने पुन्हा तोच मेसेज. पुन्हा चालू केला, पुन्हा बंद. त्यांनी सेंटरवरच्या मारुतीला फोन लावला.

"साहेब, हे आपोआप बंद होतंय, आपोआप चालू होतंय. मी हात लावला नाही, कसम से!"

"मग लाव हात! यंत्राची वायर काढ आणि कॉम्प्रेसर खटक्यावर चालव. दूध नासेल!"

"पण भैयासाहेबांनी हात लावायला मना केलंय. मशीनला हार घातलेला आहे."

"हार काढ, मग वायर काढ!" अरविंदराव आयुष्यात प्रथमच कोणावर एवढे ओरडले असतील.

दूध थोडक्यात वाचले. अरविंदराव हे सांगायला भैयासाहेबांपुढे उभे होते, तोच मनावर गावाहून भैयासाहेबांच्या मेहुण्याचा, खंडोजीरावांचा फोन आला. आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"दाजी, तुमची मशीन बिगड गई क्या? इथे लग्नाच्या मांडवात सगळ्यांना बंद-चालू करून दाखवत होतो, मधेच जवाब देणंच बंद! चार लोकांत माझी नाक कटली!"

भैयासाहेबांनी फोन ठेवला.

"मी सिमकार्ड आणि आकडा, दोन्ही बदलतो," अरविंदराव म्हणाले. "हुकूम फक्त माझ्या आणि मारुतीच्या फोनवरून चालेल. आपल्याही नाही."

"बदला. पण परवा व्याही येताहेत मांडू पाहायला. त्यांच्या हस्ते मी काय करू?"

दुधाची टाकी जाता जाता राहिली, आणि या माणसाला चिंता व्याह्यांची! अरविंदरावांनी चष्मा पुसला.

"जुनं सिमकार्ड तशाच दुसऱ्या, शिल्लक यंत्रात घालतो. त्याला सेंटरच्या फाटकावरचा दिवा जोडतो. आकडाही तोच ठेवतो."

"दिवा?"

"दीपप्रज्वलन समजा."

भैयासाहेबांचा चेहरा एकदम उजळला. "वा! हे आधी का नाही सुचवलंत?"

अरविंदराव नालछ्याला निघाले.

त्यानंतर एका भर दुपारी मारुतीचा फोन आला. "साहेब, फाटकावरचा दिवा उन्हात लागतोय-विझतोय. वायर काढू?"

"टाकी किती दाखवते?"

"चार डिग्री."

"मग राहू दे," अरविंदराव त्रासून म्हणाले. "कुठल्या तरी मांडवात कुणाचा तरी मान चालला असेल."