गुलाबाचं कुंपण
कुणी शेताला काट्याचं कुंपण घालताना दिसलं, की मला इस्लापूरजवळचा आमचा ओढा आठवतो. तिथं दोन रानगुलाब होते, दोन्ही पांढरे. एकाला फुलांचे घोसच्या घोस; तो कुठंही सापडतो. दुसऱ्याला एकेकटी मोठी फुलं आणि वाकडे, दणकट काटे. हा दुसरा आता मोजक्याच ओढ्यांवर उरलाय, असं नांदेडच्या कॉलेजात सरांनी सांगितलं होतं. मी मामाला फोन केला, "मामा, ओढ्यावरचा पांढरा गुलाब सांभाळ. लई दुर्मीळ हाय, सर बघायला येणारेत." आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी, माझा शब्द मामानं कधी खाली पडू दिला नाही. आम्ही पोचलो, तर घोसांच्या झुडपाभोवती छातीइतकं कुंपण. मामा खुशीत म्हणाला, "बघा सर, शेळी काय, म्हैस बी शिवणार न्हाई. काटा बी जालीम लावलाय, हितलाच तोडून." कुंपणातल्या फांद्यांचे काटे वाकडे होते आणि त्यांवरच्या मोठ्या कळ्या सुकत चालल्या होत्या. त्या दुसऱ्या गुलाबाचा बुंधाही सरपणाला खणून नेलेला. सरांनी एक कळी वहीत ठेवली आणि मामाच्या कुंपणाचं कौतुक केलं. अजून मामा फोनवर सांगतो, "बाई, तुझा गुलाब लई फुललाय बघ." मी म्हणते, "हाव मामा, जप त्याला."