आमटीतला गूळ आणि आमचे दाजी

सगळ्या मोगलाईत जेवणाला भिणारा माणूस एकच होता, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला होता. निजामाच्या राज्यात भिण्यासारख्या गोष्टींची काही टंचाई नव्हती. लोक पोलिसांच्या अमीनसाहेबाला भीत, पटकीला भीत, शेवटी शेवटी तर दारावरच्या थापेलाही भिऊ लागले होते. आमचे दाजी यातल्या कशालाच भीत नसत. ते भीत गाजराला. ताटात गाजर दिसलं की विंचू दिसल्यासारखी मांडी आखडून घेत आणि म्हणत, "दिसतंय गरीब, पण आतून गोड हाय ते." कांदा, भोपळा, रताळं, हुरड्याचं कोवळं कणीस, साऱ्यांवर त्यांची पाळत असे. एकदा तर अक्कानं दिलेलं ताक त्यांनी घोटभर पिऊन परत केलं. का, तर ते पुरेसं आंबट नव्हतं.

आणि हाच माणूस लातूरच्या मोंढ्यात गुळाचा पारखी होता. सकाळी लिलावाआधी ढेपेचा कोपरा फोडायचा, खडा जिभेवर ठेवायचा आणि डोळे मिटायचे. अडते, शेतकरी, हमाल सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत उभे. दाजी डोळे उघडून सांगत, "मांजरा नदीकाठचा. ऊस चांगला व्हता, पण शेवटाला जाळ जास्ती झाला." गूळ आणणारा शेतकरी मान खाली घालून हो म्हणे. अशी वीस वर्षं त्यांनी जिभेवर काढली होती. मग एके दिवशी फार तहान लागते, पाय जळजळतात म्हणून ते सरकारी दवाखान्यात गेले. तिथले डॉक्टरसाहेब हैदराबादचे, लाख मोलाचा माणूस. त्यांनी काचेच्या नळीत निळं औषध आणि दाजींची लघवी तापवली. निळ्याचं विटकरी झालं. "शक्कर की बीमारी है," ते म्हणाले. "मीठा नक्को. चावल नक्को. जवार की रोटी खाओ, भाजी खाओ, थोडा थोडा खाओ. खाने के बाद चलो."

एवढंच. पण दाजींनी त्या चार वाक्यांचा कायदा केला आणि स्वतःच त्याची पोटकलमं लिहायला बसले. मोंढ्यात ते आता गूळ नुसता हुंगत आणि बोटांत चुरून बघत. घरी भाकरीसाठी त्यांनी डब्याचं एक पत्र्याचं झाकण मुक्रर केलं. भाकरी तव्यावरून उतरली की ते झाकण तिच्यावर ठेवायचं आणि बाहेर डोकावणारी कड मोडून गाईला घालायची. "भाकरी थापू का सुताराकडून रंधून आणू?" अक्का विचारायची. लग्नाकार्याला ते स्वतःची भाकरी आणि अंबाडीची भाजी रुमालात बांधून नेत. धर्माबादच्या एका लग्नात बुंदीची टोपली पुढं आली तेव्हा त्यांनी नुसतं नको म्हटलं असतं तर भागलं असतं. पण त्यांनी वाढप्याला थांबवून आजाराची सगळी लक्षणं सांगितली, ती सगळ्या पंगतीनं ऐकली, आणि ज्याला त्याला आपल्यालाही हल्ली तहान जास्त लागते असं वाटू लागलं. टोपली भरलेलीच माघारी गेली. विहीणबाईंनी पुढं वर्षभर आमच्या घराचं नाव घेतलं नाही.

दवाखान्याच्या नळीवर मात्र त्यांचा विश्वास नव्हता. "ती काच हाय, तिला काय कळतंय," ते म्हणत. त्यांचा भरवसा मुंग्यांवर. परसात कडुलिंबाखाली त्यांची ठरलेली जागा होती. सकाळी तिथं लघवी करायची, थोडा वेळ थांबायचं आणि मग उकिडवं बसून मोजणी करायची. "आज किती?" अक्का चुलीपासूनच ओरडायची. "सतरा. पण त्यातल्या दोन जाऊन-येऊन होत्या." ज्या दिवशी मुंग्या दहाच्या आत, त्या दिवशी घरात सण. वीसच्या वर गेल्या की दाजी दोन्ही वेळ मेथी आणि कारलं खाऊन संध्याकाळी गंजगोलाईच्या गोल बाजाराला फेऱ्या मारायला निघत. एकदा पोलिसांच्या जवानानं त्यांना पाचव्या फेरीला अडवलं. "क्या ढूंढ रहे?" दाजी न थांबताच म्हणाले, "कुछ नै. हजम कर रहा हूं."

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं आणि मी नेतही होतो. मी तेव्हा लातूरच्या शाळेत नवा मास्तर, अक्काच्या घरी जेवणारा, त्यामुळं अक्कल भरपूर होती. पण धर्माबादच्या लग्नात घातलेला नवा जोडा दाजींना चावला. डाव्या पायाच्या करंगळीला फोड आला, फुटला, आणि पंधरा दिवस झाले तरी भरेना. डॉक्टरसाहेबांनी बोट उलटसुलट करून पाहिलं. "आठ दिन देखेंगे. उंगली काली पडी तो हैदराबाद लेके जाना. काटना पडेगा." नेमका त्याच संध्याकाळी नांदेडहून निरोप आला की माझ्या भाचीचे, अक्काच्या लेकीचे, दिवस भरत आलेत, अक्कानं ताबडतोब यावं. अक्काचा पाय निघेना. मीच छाती पुढं काढून म्हटलं, "जा तू. आठ दिवस मी रांधतो. आईच्या हाताखाली शिकलोय."

"त्यांच्या पोटात गोड जाऊ देऊ नको," अक्का मोटारीत बसताना म्हणाली. "बाकी काय बी कर."

मी काय काय केलं ते सांगतो. ज्वारीचं पीठ स्वतः चाळलं. झाकण ठेवून भाकऱ्या मोडल्या. अंबाडी, मेथी, कारलं, शेंगदाण्याची चटणी. आणि दोन्ही वेळ तुरीची आमटी. जेवताना मी विचारायचो, "कशी झालीय आमटी, दाजी?" ते खाली बघून म्हणायचे, "झालीय की." आणि वाटी पुढं करायचे. जो माणूस ताक परत करत होता तो आमटीची दुसरी वाटी मागत होता. मला वाटलं, अक्काला जमलं नाही ते मला जमलं.

मुंग्या मात्र वाढत चालल्या. तिसऱ्या दिवशी तीस. पाचव्या दिवशी दाजी मोजायचं सोडून नुसते बघत बसले. मी जाऊन पाहिलं तर लिंबाच्या मुळापासून भिंतीपर्यंत काळा गोफ विणलेला. "किती?" मी विचारलं. "ह्यांनी पाव्हण्यांना बोलावून आणलंय," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात गंमत नव्हती. घाबरून मी झाकण बदललं, लहान घेतलं. कांदा बंद केला. शेंगदाण्याची चटणी बंद केली. दाजी गुपचूप गोलाईच्या फेऱ्या वाढवून आले, त्या दुखऱ्या पायानं. पट्टी सोडताना आम्ही दोघंही बोटाकडं बघायचो. "कालच्यापेक्षा लालच हाय न्हवं?" ते विचारायचे. "लालच आहे," मी म्हणायचो. सातव्या दिवशी मी तसं म्हटलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही.

आठव्या दिवशी डॉक्टरसाहेबांची नळी पहिल्यापेक्षा गडद विटकरी झाली. फेऱ्यांचं ऐकून ते आधी दाजींवर रागावले. मग माझ्याकडं वळले. "क्या खिलाया? सब बताओ." मी धडा म्हणून दाखवावा तसं सगळं सांगितलं.

"आमटी में क्या डालते?"

"चिंच, येसर मसाला, कोथिंबीर, गूळ."

"गूड?"

"चवीपुरता, डॉक्टरसाहेब. चिंच मारायला." मी बोटांनी लिंबाएवढा आकार दाखवला. आमच्या घरात गोड म्हणजे सणाला होतं ते. आमटीतला गूळ मिठाच्या जातीचा, त्याला कुणी गोड म्हणत नसे. अक्कानं तो कधीच बंद केला होता, पण एवढंही सांगावं लागेल असं तिला कसं वाटणार? तिचा भाऊ मास्तर होता.

डॉक्टरसाहेबांनी कपाळाला हात लावला. मग दाजींना विचारलं, "मियां, तुम तो गूड के पारखी. जबान को मालूम नै हुआ?"

दाजी पायाच्या पट्टीकडं बघत राहिले. "पहिल्याच घासाला कळलं," ते म्हणाले. "मांजराकाठचा व्हता. चौथ्या दिवशी ह्यानं ढेप बदलली. ती जरा खारवट."

"मग बोलला का नाही?" मी जवळजवळ रडतच विचारलं.

"मी गूळ कुठं खाल्ला? आमटी खाल्ली. आमटीला साहेबांनी कुठं मना केली व्हती?" एवढा वकिली जबाब त्यांनी दिला. मग हळूच म्हणाले, "अन् तू रोज इचारायचास, कशी झालीय म्हणून. गूळ हाय म्हणालो असतो तर तू घातला नसतास."

हैदराबादला त्यांची करंगळी काढली. अक्का नांदेडहून तान्ह्या नातीचं तोंड बघून थेट तिकडं गेली. मला ती एक शब्द बोलली नाही, आणि ते मला अजून बोचतं. दाजी घरी आले ते हसत. "नऊ बोटं पुष्कळ झाली. गूळ काय पायानं चाखायचाय?" पुढं मोंढ्यात त्यांनी नवीच रीत काढली. सुट्टीच्या दिवशी ते मला शेजारी उभं करत. खडा ते हुंगत आणि माझ्या तोंडात टाकत, मग माझ्याकडं टक लावून बघत. मी काही बोलायच्या आत ते अडत्याला निकाल सांगत. "तू गप चाख. तुझ्या तोंडावरनं कळतंय मला." मी चाखत असताना त्यांचा गळा हलायचा, गिळल्यासारखा.

दाजी जाऊन आता फार वर्षं झाली. त्यांच्या तेव्हाच्या वयाहून मी म्हातारा झालो आहे, आणि त्यांचं ते पत्र्याचं झाकण आता माझ्या भाकरीवर ठेवतात. सून गुणी आहे, पण माहेरच्या सवयीनं कधीतरी तिचा हात डब्याकडं जातोच. मला पहिल्याच घासाला कळतं. ती पदराला हात पुसत समोर उभी राहते. "कशी झालीय आमटी, मामंजी?" मी खाली बघतो. दाजींसारखं गप्प बसणं किती सोपं असतं ते तेव्हा समजतं. मग मी पाय आखडून घेतो, दहाही बोटं जागेवर आहेत का ते चाचपतो, आणि वाटी सरकवून म्हणतो, "पोरी, गूळ आहे गं यात."